परवडणाऱ्या घरांची योजना वाचायला शिकताना

महापालिका जाहीर करते: पाच वर्षांत दहा हजार परवडणारी घरं. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा ठळक टायपात येतो. ज्यांना घर हवंय ते कात्रण जपून ठेवतात, आणि तीन वर्षांनी आपसात विचारतात, त्या दहा हजारांचं पुढं काय झालं? हा प्रश्न कुणाला विचारायचा, कुठल्या कागदावर बोट ठेवून विचारायचा, हे ठाऊक नसल्यामुळे तो बहुतेक वेळा घरातल्या घरातच विरतो.

तुम्ही नुकतेच वस्तीच्या समितीत आला असाल, पहिल्यांदाच नगरसेवक झाला असाल, गृहनिर्माणाची बातमीदारी नव्याने हाती आली असेल किंवा स्वतःच घरासाठी अर्ज भरला असेल, तर सुरुवात कुठून करायची ते इथे क्रमाने सांगते. बरीच वर्षं अशा योजनांचे कागद चाळल्यावर माझी एक पद्धत पक्की झाली आहे. दहा हजारांच्या मागे न लागता त्यातलं एकच घर धरायचं आणि त्याचा पिच्छा पुरवायचा: जमिनीच्या तुकड्यापासून किल्लीपर्यंत, आणि किल्लीनंतरही काही वर्षं. एक जाडसर वही घ्या. मोबाइलमधल्या नोंदी हरवतात.

पायरी १: परवडणारं कुणाला, ते लिहून काढा

"परवडणारं" हा शब्द योजनेत पानोपानी येतो, पण त्याची व्याख्या एकाच जागी असते, बहुधा शेवटच्या परिशिष्टात. ती आधी शोधा.

अनेक देशांत वापरला जाणारा ठोकताळा असा, की घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा. हा आकडा काही दगडावर कोरलेला नाही. अमेरिकेत १९६९ च्या ब्रुक कायदादुरुस्तीने सरकारी घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं. १९८१ मध्ये ती मर्यादा ३० वर नेली, आणि पुढे तोच आकडा रुळला. म्हणजे ३० टक्के हा एका राजकीय निर्णयाचा आकडा आहे. ज्या घरात कमाईच तुटपुंजी आहे तिथे ३० टक्के दिल्यावर उरलेल्या पैशांत जेवण, औषध आणि शाळा बसत नाही, हे लक्षात ठेवून तो वापरा.

त्याहून मोठा घोळ पुढे आहे. ३० टक्के, पण कुणाच्या उत्पन्नाचे? बऱ्याच योजना शहरातल्या मधल्या कुटुंबाचं उत्पन्न धरतात. सगळी कुटुंबं कमाईच्या क्रमाने रांगेत उभी केली तर बरोबर मधोमध जे येईल त्याचं. ते १०० समजा. योजना म्हणते, ८० पर्यंत कमावणारी कुटुंबं पात्र. भाडं ठरतं ८० च्या ३० टक्के, म्हणजे २४. आता ४० कमावणारं कुटुंबही पात्रच आहे. त्याचा अर्ज घेतला जातो, छाननीत टिकतो, नावही लागतं. पण २४ भरायचे म्हणजे त्याच्या कमाईतले ६० टक्के गेले. हे कुटुंब घर सोडून देतं, आणि अहवालात नोंद होते की लाभार्थ्याने घर नाकारलं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता आखा: किती उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी किती घरं, आणि दरमहा नेमका किती खर्च. भाड्यात किंवा हप्त्यात देखभाल खर्च धरला आहे का, हेही तिथेच लिहा. योजनेत असा तक्ता नसेल तर तो लेखी मागणं हे तुमचं पहिलं काम.

ही चूक जुनी आहे. लंडन काउंटी कौन्सिलने ओल्ड निकोल ही बदनाम वस्ती पाडून तिथे बाउंडरी इस्टेट बांधली, १९०० मध्ये तिचं उद्घाटन झालं. लाल विटांच्या त्या इमारती आजही देखण्या आहेत. पण पाडलेल्या वस्तीतले अगदी मोजके लोक तिथे राहायला आले. बाकीच्यांना भाडं झेपलं नाही. ते शेजारच्या, आधीच भरून वाहणाऱ्या गल्ल्यांत गेले. घरं चांगली बांधली गेली, फक्त ज्यांच्या नावावर बांधली त्यांना मिळाली नाहीत.

पायरी २: अधिकार कुणाचा, ते तपासा

ही पायरी छोटी आहे, पण गाळू नका. जमीन एका खात्याची, बांधकाम परवानगी दुसऱ्याची, भाडेकायदा वरच्या सरकारचा, असं जवळपास सगळीकडे असतं. बर्लिनने २०२० मध्ये भाडी गोठवणारा कायदा केला. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या संविधान न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण त्या विषयावर केंद्राचा कायदा आधीच होता आणि बर्लिनला वेगळा करण्याचा अधिकार नव्हता. भाडं कमी झालं म्हणून सुटकेचा श्वास घेतलेल्या अनेक भाडेकरूंना मधला फरक भरावा लागला. योजनेतल्या प्रत्येक आश्वासनापुढे कंसात लिहा: हे शहर स्वतःच्या सहीने करू शकतं, की दुसऱ्या कुणाची सही लागते?

पायरी ३: जमिनीपाशी थांबा

इथे घाई करू नका. घर परवडणार की नाही, याचा निकाल बराचसा जमिनीपाशीच लागतो. विटा, सळई आणि सिमेंट शहराच्या मध्यातही आणि वेशीवरही साधारण त्याच दराने मिळतं. जमीन मिळत नाही. म्हणून पैसा कमी पडला की योजना हळूहळू शहराबाहेर सरकते.

सरकली की काय होतं, त्याचा हिशोब करा. कमाई १००, घराचे ३० आणि कामावर जाण्यायेण्याचे ५, एकूण ३५. तेच घर लांब बांधलं, भाडं २५ वर आणलं, पण प्रवासाला २० जायला लागले तर एकूण ४५. योजनेच्या भाषेत दुसरं घर जास्त परवडणारं ठरतं. शिवाय रोजचे तीन तास रस्त्यावर गेले, ते कुठल्याच रकान्यात येत नाहीत. मेक्सिकोत याच शतकाच्या सुरुवातीला शहरांपासून दूर स्वस्त घरांच्या वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढे त्यांतली फार मोठी संख्या लोकांनी सोडून दिली.

शहरांनी जमीन मिळवण्याच्या वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत. व्हिएन्नाने १९८४ मध्ये जमीन खरेदीसाठी स्वतंत्र निधी उभारला. तो जमीन आधी, स्वस्त असताना घेऊन ठेवतो आणि १९९५ पासून मोठ्या तुकड्यांसाठी बांधणाऱ्या संस्थांमध्ये स्पर्धा घेतो. त्या स्पर्धेत वास्तुरचना, खर्च, पर्यावरण आणि सामाजिक बाजू यांना गुण असतात. सिंगापूरची वाट वेगळी. तिथे गृहनिर्माण मंडळ १९६० मध्ये आलं. १९६१ च्या बुकित हो स्वी आगीत सुमारे १६ हजार लोक बेघर झाले आणि त्या जागेवर मंडळाने झपाट्याने इमारती बांधल्या. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी मोबदल्यात जमीन घेता आली. आज तिथली सुमारे ८० टक्के रहिवासी लोकसंख्या मंडळाच्या घरांत राहते. हे यश खरं आहे, आणि त्याची किंमत जुन्या जमीनमालकांनी आणि वाड्या सोडाव्या लागलेल्या लोकांनी मोजली, हेही खरं. सिंगापूरचं उदाहरण देणाऱ्याने दोन्ही गोष्टी सांगाव्यात, असं मला वाटतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते चिलीमधल्या इकीके शहरातल्या किंता मोनरॉय या वस्तीचं उदाहरण. शहराच्या मध्यात अर्ध्या हेक्टरवर तीस वर्षं वसलेली ९३ कुटुंबं होती. मिळणारं अनुदान इतकं तोकडं होतं, की त्यात एकतर दूर जाऊन पूर्ण घर बांधता आलं असतं, किंवा तिथेच राहून अपुरं. वास्तुरचनाकार अलेहांद्रो अरावेना आणि त्यांच्या एलेमेंताल या गटाने दुसरा पर्याय घेतला. २००४ च्या सुमारास त्यांनी प्रत्येक कुटुंबाला अर्धं घर बांधून दिलं: छप्पर, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, म्हणजे जे एकट्याने बांधणं अवघड तेवढं. शेजारी तेवढीच रिकामी जागा सोडली. पुढच्या काळात कुटुंबांनी ती आपापल्या ऐपतीने भरली. कामं, शाळा, ओळखीपाळखी जागच्या जागी राहिल्या.

वहीत प्रस्तावित जमिनीचा नकाशा चिकटवा. जवळची शाळा, दवाखाना आणि बसथांबा यांची अंतरं पायी चालून मोजा. नकाशावर सरळ रेषेत ८०० मीटर दिसणारं अंतर मधे नाला किंवा रेल्वेरूळ आला की दोन किलोमीटर होतं.

पायरी ४: विकास आराखडा आणि बांधकामाचे नियम बघा

शहर स्वतः एकही वीट न लावता घरांची संख्या वाढवू किंवा अडवू शकतं. कुठल्या भूखंडावर किती मजले, किती घरं, किती पार्किंग, हे नियम ठरवतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ च्या आराखड्यात निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर अधिक घरं बांधायला मुभा दिली आणि त्यानंतर बांधकाम परवानग्या चांगल्याच वाढल्या. अमेरिकेतल्या मिनीयापोलिसच्या नगर परिषदेने २०१८ मध्ये "एका भूखंडावर एकच घर" हा नियम हटवणारा आराखडा मंजूर केला, आणि २०२१ मध्ये सक्तीच्या पार्किंगची अटही काढली. पार्किंगची अट किरकोळ वाटते. पण तळघर खणून गाडी ठेवायची जागा बांधायला जो खर्च येतो तो घराच्या किमतीतच जातो, मग घेणाऱ्याकडे गाडी असो वा नसो.

दुसरा प्रकार म्हणजे खासगी बांधकामातच काही घरं स्वस्त ठेवण्याची अट. अमेरिकेतल्या माँटगोमेरी काउंटीने असा नियम १९७० च्या दशकातच आणला. व्हिएन्नाने अलीकडे नव्याने निवासी होणाऱ्या मोठ्या जमिनींवर दोन तृतीयांश क्षेत्र अनुदानित घरांसाठी राखायला सुरुवात केली.

नियम सैल केले की पुरवठा वाढतो, हे मी मानते. पण पहिल्या पायरीवरच्या ४० कमावणाऱ्या कुटुंबापर्यंत तो आपोआप झिरपत नाही. तिथे पैसाच घालावा लागतो.

पायरी ५: पैसा कुठून येतो आणि कुठे थांबतो

अंदाजपत्रक उघडा आणि योजनेचं लेखाशीर्ष, म्हणजे तिच्या नावाचं खर्चाचं खातं, शोधा. तीन आकडे घ्या: गेल्या वर्षीची तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि यंदाची तरतूद. तरतूद मोठी आणि खर्च नगण्य असेल तर अडचण पैशाची नाही, कामाची आहे. प्रश्न त्याप्रमाणे बदला.

पैसा उभा करण्याचं मला आजही धडा वाटणारं उदाहरण १९२३ मधलं आहे. व्हिएन्नाचे अर्थप्रमुख हुगो ब्राइटनर यांनी घरबांधणीसाठी खास कर लावला. तो चढत्या दराचा होता. कामगाराच्या खोलीवर नाममात्र आणि आलिशान बंगल्यांवर भरघोस. त्या पैशावर १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं बांधली गेली. आजही शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं भाड्याने दिलेली आहेत.

अलीकडची वाट फिरत्या निधीची आहे. माँटगोमेरी काउंटीने २०२१ मध्ये ती सुरू केली. बांधकामाच्या काळात लागणारं महागडं भांडवल सरकार या निधीतून देतं; इमारत भरली की साधं दीर्घ मुदतीचं कर्ज काढून निधी परत केला जातो आणि तोच पैसा पुढच्या इमारतीला लागतो.

व्याजाकडे खास लक्ष द्या. शंभरचं कर्ज, दहा टक्के दर, आणि परवानगीची फाइल दोन वर्षं टेबलावर. चक्रवाढीने एकवीस वाढले, आणि जागेवर अजून एक फावडंही पडलेलं नाही. उशीर हा बांधकामाच्या खर्चाचाच भाग आहे. फाइल कुठल्या तारखेला कुठे होती, ते वहीत टिपत चला.

पायरी ६: घरं पाच रकान्यांत मोजा

जाहीर झालेली, मंजूर झालेली, काम सुरू झालेली, बांधून झालेली आणि लोक राहायला गेलेली. प्रत्येक अहवालातला आकडा यांपैकी कुठल्या रकान्यात बसतो ते विचारा. शिवाय सहावा आकडा: योजनेसाठी किती घरं पाडली? तीन हजार पाडून दहा हजार बांधली तर भर सात हजारांचीच.

पाचव्या रकान्याचं महत्त्व मला एका इमारतीने शिकवलं. अहवालात ती "पूर्ण" होती. मी गेले तेव्हा फाटकावर कुलूप होतं आणि आत राखणदार एकटा. त्याने जिन्याने वर नेलं. दारांच्या कड्यांवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं, खिडक्यांच्या काचांवर चुन्याने काढलेली फुली पुसलेली नव्हती. तळमजल्यावर मीटरची पेटी उघडीच होती. आत ६४ जागा आणि एकही मीटर नाही. मोरीतला नळ फिरवला तर हवा आली. जलवाहिनी रस्त्याच्या पलीकडे येऊन थांबली होती, कारण रस्ता खोदण्याची परवानगी दुसऱ्या खात्याकडे होती. इमारत अशी दीड वर्षं उभी होती. राखणदार म्हणाला, रविवारी काही कुटुंबं येतात, फाटकाबाहेरून आपली खिडकी कुठली ते मुलांना दाखवतात आणि परत जातात.

तेव्हापासून मी "पूर्ण" या शब्दाशेजारी तीन गोष्टी विचारते: पाणी, वीज, भोगवटा प्रमाणपत्र (म्हणजे राहायला जाण्याची अधिकृत परवानगी).

पायरी ७: टेप घेऊन घरात शिरा

नकाशावरचं चौरस फुटांचं माप फसवं असतं. एका सुनावणीत कपडे शिवून पोट भरणारी एक बाई टेप घेऊनच आली होती. तिने भिंतीवरचा नकाशा बघितला, मग जमिनीवर खडूने खोली आखली आणि अधिकाऱ्यांना विचारलं, साहेब, माझं मशीन ठेवलं तर पलंग कुठे, आणि पलंग ठेवला तर मशीन कुठे? दाराचं पान आत उघडत होतं आणि तेवढ्याने एक कोपरा जात होता. दार बाहेर उघडणारं करायचं ठरलं, आणि तो बदल सगळ्याच घरांना लागू झाला.

तुम्हीही खडू न्या. पलंग, कपाट, शेगडी, अभ्यासाला बसणारं मूल आणि कामाचं साहित्य एवढं आखून बघा. घराबाहेरचंही बघा. १९३० मध्ये उघडलेल्या व्हिएन्नाच्या कार्ल-मार्क्स-होफमध्ये १,३८२ घरं होती, आणि सोबत धुलाईघरं, बालवाड्या, वाचनालय, दवाखाने. घरं लहानच होती. पण बऱ्याच गोष्टी घराबाहेर, हाताशी होत्या.

पायरी ८: वाटपाचे नियम

सोडत असो की प्रतीक्षायादी, नियम अर्ज मागवण्याआधी छापलेले हवेत. यादी सगळ्यांना बघता यावी, आणि नाव वगळलं तर कारण लेखी मिळावं. कागदपत्रांची यादी वाचताना विचार करा, ज्याला पक्का पत्ताच नाही तो पत्त्याचा पुरावा कुठून आणणार? हा एक प्रश्न विचारला तरी बऱ्याच वेळा नियमात पर्याय घातला जातो.

पायरी ९: किल्लीनंतरची वर्षं

घर किती वर्षं परवडणारं राहणार, हे करारात असतं. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना सरकारी घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. त्या कुटुंबांचं भलं झालं, यात शंका नाही. पण एकट्या इंग्लंडमध्ये १५ लाखांहून जास्त घरं सरकारी साठ्यातून गेली आणि तेवढी नव्याने बांधली गेली नाहीत, त्यामुळे पुढच्या पिढीची रांग लांबली. माँटगोमेरीत सुरुवातीला स्वस्त किमतीचं बंधन मोजक्या वर्षांचं होतं. मुदत संपली की घरं बाजारभावात गेली. अनुभवानंतर २००५ मध्ये ही मुदत विक्रीच्या घरांना ३० आणि भाड्याच्या घरांना ९९ वर्षं केली. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन या छोट्या शहराने १९८४ मध्ये न्यासाची वाट धरली: जमीन न्यासाची, घर कुटुंबाचं, आणि विकताना वाढलेल्या किमतीतला २५ टक्के वाटा कुटुंबाला. बाकीची वाढ विक्रीच्या किमतीत धरत नाहीत, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते स्वस्तात मिळतं. मला ही विभागणी न्याय्य वाटते.

आणि देखभाल. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातलं प्रुइट-आयगो हे ११ मजली ३३ इमारतींचं संकुल १९५० च्या दशकाच्या मध्यात बांधून झालं आणि १९७२ मध्ये ते पाडायला सुरुवात झाली. उंच इमारतींना दोष देणारे पुष्कळ आहेत. पण तिथे दुरुस्तीचा खर्च रहिवाशांच्या भाड्यातून निघायचा होता. शहरातली लोकसंख्या घटली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं आणि दुरुस्ती थांबली. लिफ्ट तर काटकसर म्हणून ठरावीक मजल्यांवरच थांबायची. तेव्हा विचारा: लिफ्ट आणि पंप बंद पडले तर पैसे कुणाचे, आणि दहाव्या वर्षी इमारत रंगवायची तरतूद आज कुठल्या खात्यात आहे?

पायरी १०: हरकत किंवा सूचना लिहून द्या

मुदत जाहीर सूचनेत असते आणि ती अनेकदा कमी दिवसांची असते. तारीख आधी बघा. पत्र एका पानाचं ठेवा. पहिल्या ओळीत योजनेचं नाव आणि पान क्रमांक. मग एकच मुद्दा, तुमच्या वहीतल्या आकड्यासह. मग नेमकी मागणी. उदाहरणार्थ: "पान ४२ वरील भाडं ८० टक्के उत्पन्नगटावर आधारित आहे. ४० टक्के गटातील कुटुंबाला ते कमाईच्या ६० टक्के पडतं. एकूण घरांपैकी किती घरं या गटाला झेपणाऱ्या भाड्यात राखली जातील, याचा तक्ता अंतिम योजनेत समाविष्ट करावा." दुसरा मुद्दा असेल तर दुसरं पत्र द्या, एकाच पत्रात पाच मुद्दे असले की उत्तर त्यातल्या सोप्या मुद्द्याला मिळतं.

शक्य असेल तर चार-पाच जणांनी मिळून जा, आणि ज्यांना ते घर मिळायचंय त्यांच्यातलं कुणीतरी बरोबर असू द्या. पत्राच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन पोच परत आणा, आणि आवक क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर, त्या तक्त्याच्या खाली लिहून ठेवा.